फुकटच्या जमान्यातलं विकतचं पत्र

आजचा विषय आम्हाला एका तरुण व्यापाऱ्याने दिला. हे गृहस्थ घरगुती मसाले इंटरनेटवरून विकतात. दुकान नाही, पाटी नाही, सगळा व्यवहार मोबाइलवर. आणि हेच गृहस्थ दर महिन्याला चांगले पैसे मोजून परदेशातून एक छापील पत्र मागवतात. आठ पानं. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं, भाव कसा ठरवावा, असला मजकूर. त्यांनी आम्हाला विचारलं, "सर, यातलं बरंचसं नेटवर फुकट मिळतं. मग मी या कागदाचे पैसे का देतो? मी फसतोय का?"

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. असा प्रश्न आला की आधी शब्दांची व्याख्या मागायची आमची खोड. पण या वेळी वाटलं, उत्तर इतिहासात सापडेल. कारण हा प्रश्न नवा नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये तो असाच उभा होता.

त्या काळी इंग्लंडात छपाईवर सरकारचा ताबा होता. १६६२ च्या कायद्याने परवान्याशिवाय काही छापता येत नसे. १६६५ मध्ये प्लेगमुळे राजदरबार ऑक्सफर्डला हलला, तिथे एक सरकारी वृत्तपत्र सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी तेच 'लंडन गॅझेट' झालं. आठवड्यातून दोनदा, किंमत एक पेनी. याच पत्राच्या सुरुवातीच्या कामात हेन्री मडिमन नावाचा माणूस होता. पण त्याची खरी कमाई वेगळीच होती. तो हस्तलिखित बातमीपत्र चालवत असे. तो मजकूर सांगायचा, कारकून नकला उतरवायचे, आणि पत्रं टपालाने गावोगावी जायची. वर्गणी वर्षाला पाच पौंड.

जरा हिशेब करू या. गॅझेटचे वर्षाचे एकशे चार अंक, म्हणजे एकशे चार पेन्स. पाच पौंडांचे होतात बाराशे पेन्स. छापील पत्रापेक्षा हाताने लिहिलेलं पत्र अकरापटीहून महाग! तरी जमीनदार, धर्मोपदेशक, गावोगावचे पोस्टमास्तर ते घेत होते. का? कारण पार्लमेंटात काय झालं हे छापायला बंदी होती. लिहून पाठवलं तर मात्र चालून जायचं. शिवाय मडिमनची सरकारी कचेरीत ऊठबस होती. तिथे येणारी पत्रं त्याच्या नजरेखालून जात. तेव्हा तो बातमी विकत होता असं म्हणण्यापेक्षा आतला प्रवेश विकत होता, असं म्हणावं लागेल.

आपल्याकडेही असली पत्रं होती. पेशव्यांचे हिंगणे वकील दिल्ली दरबारातून पुण्याला सविस्तर हकिकती कळवत. पण तिथे लिहिणारा धन्याचा माणूस, आणि वाचणारा धनी. एकच पत्र अनेक अनोळखी लोकांना वार्षिक वर्गणीवर विकायचं, हा मडिमनच्या धंद्यातला निराळा भाग. तिथे लिहिणाऱ्याचा धनी म्हणजे त्याचा वर्गणीदार.

पुढे काय झालं? १६९५ मध्ये परवान्याचा कायदा संपला. लंडनमध्ये छापील वृत्तपत्रांचं पीक आलं. बातमी स्वस्त झाली, हवी तेवढी झाली. आता हस्तलिखित पत्र कोण घेणार? इथे एका मुद्रकाने गंमत केली. इकाबॉड डॉक्स त्याचं नाव. १६९६ मध्ये त्याने बातमीपत्र काढलं ते छापील, पण टाइप असा बनवून घेतला की अक्षर हाताने लिहिल्यासारखं दिसावं. कागद चांगला, लिहिता येण्याजोगा. आणि त्यावर कोरी जागा सोडलेली, म्हणजे घेणाऱ्याने त्यात आपला खासगी मजकूर लिहावा आणि तेच पत्र गावाकडच्या आप्ताला धाडावं.

आम्हाला हा डॉक्स फार महत्त्वाचा वाटतो. छापील मजकूर मुबलक झाल्यावर लोकांना 'पत्र' हवंसं वाटतं, हे त्याने ओळखलं. कोणीतरी आपल्याला उद्देशून लिहिलंय, ही भावना हवी असते. मडिमनने प्रवेश विकला, डॉक्सने रूप विकलं. आज ईमेलने टपालपेटी तुडुंब भरलेली असताना जो कागदावर पत्र छापून पाठवतो, तो निम्मा तरी डॉक्सचाच वंशज आहे. कागद हातात घेता येतो, आठव्या पानावर संपतो, आणि वाचताना मध्येच दुसरं काही उगवत नाही. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला त्याचं मोल जास्त वाटणारच. यात लबाडी आहे असं नाही. पण रूपाची किंमत आणि मजकुराची किंमत वेगळी, एवढं भान हवं.

विसाव्या शतकात हाच प्रकार अमेरिकेत व्यापाऱ्यांसाठी पुन्हा आला. वॉशिंग्टनमध्ये विलर्ड किपलिंगर यांनी १९२३ मध्ये साप्ताहिक पत्र सुरू केलं. चार पानं, छोटी वाक्यं, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ. सरकार काय करणार आणि त्याचा धंद्यावर काय परिणाम होईल, एवढंच सांगायचं. जाहिराती नाहीत, पैसे वर्गणीदाराचे. हा मुद्दा बारकाईने पाहा. जाहिरातीवर चालणाऱ्या पत्राला वाचक हवा असतो तो जाहिरातदाराला दाखवायला. वर्गणीवर चालणाऱ्याला मात्र तुम्ही पुढच्या वर्षी परत यायला हवे असता.

आता तिसरा माणूस. आय. एफ. स्टोन. १९५३ मध्ये, मॅकार्थीच्या दहशतीच्या काळात, या पत्रकाराला कुठे नोकरी मिळेना. त्याने स्वतःचं चार पानी साप्ताहिक काढलं. वर्षाला पाच डॉलर, सुरुवातीला सुमारे त्रेपन्नशे वर्गणीदार. हिशेब-टिशेब पत्नी एस्थर बघायच्या. स्टोनला आतला कोणी सांगणारा नव्हता, ऐकायलाही कमी येत असे. म्हणून तो काय करायचा? सरकारी अहवाल, समित्यांची कामकाजं, वर्तमानपत्रांतल्या कोपऱ्यातल्या बातम्या असं सगळं वाचायचा.

एक उदाहरण देतो. १९५७ मध्ये नेवाडात अमेरिकेने भूमिगत अणुचाचणी केली. पुढच्या वर्षी अणुऊर्जा आयोगाने सांगितलं, तिचे धक्के दोनशे मैलांपलीकडे नोंदले गेले नाहीत. म्हणजे चाचणीबंदीचा करार केला तरी चोरी पकडता येणार नाही, असा अर्थ निघत होता. स्टोनला आठवलं, चाचणीच्या वेळी टोरांटो, रोम, टोकियोहून दोन-दोन ओळींच्या बातम्या आल्या होत्या की आमच्याकडे धक्के नोंदले गेले. तो भूकंपशास्त्रज्ञांच्या सरकारी कचेरीत गेला. तिथे कळलं, दोन हजार मैलांहून दूर अलास्कातही नोंद आहे. आयोगाला आपलं म्हणणं दुरुस्त करावं लागलं. यात गुपित काहीच नव्हतं. कागद सगळ्यांसमोर होते, नीट वाचणारा मात्र हवा होता. १९७१ मध्ये स्टोनने साप्ताहिक बंद केलं, तेव्हा वर्गणीदार सत्तर हजारांच्या आसपास होते.

तर प्रवेश, रूप आणि वाचन अशा तीन गोष्टी झाल्या. यातला प्रवेश फार टिकत नाही. मडिमनची पत्रंसुद्धा कॉफीहाउसांत पोहोचायची आणि चारचौघं वाचायचे. रूपाची नक्कल होते, डॉक्सने स्वतःच ती केली. वाचनाची नक्कल करणं अवघड. कोणीतरी आपल्यासाठी महिनाभर वाचतं, निवडतं, चुकलं तर खाली आपली सही आहे हे जाणून लिहितं. माहिती फुकट झाली म्हणून हे काम फुकट होत नाही, उलट वाढतं.

त्या मसालेवाल्या तरुणाला आम्ही एवढंच सुचवलं. मागचे सहा अंक काढा. त्यातलं वाचून तुम्ही धंद्यात खरोखर काय बदललं, ते वहीत लिहा. 'आतली गोष्ट' म्हणून सांगितलेलं किती होतं आणि ते खरं किती ठरलं, तेही लिहा. मग वर्गणीचं ठरवा.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. दोन पत्रं घेत होते, एक बंद केलं. दुसऱ्याचे पैसे भरले.

"आता का घेतो ते कळलं, सर," म्हणाले.

आम्हाला वाटतं, मडिमनच्या पाच पौंड भरणाऱ्या वर्गणीदारानेही अधूनमधून असा हिशेब मांडला असेल. आपणही मांडावा. विकतच्या पत्राचा मांडावाच, पण फुकट येणाऱ्याचाही मांडावा, कारण त्याचे पैसे कोणीतरी, कशासाठी तरी भरत असतोच.