एका विस्मृतीचा इतिहास

‘स्मरणशक्ती’ हा शब्द आपण मराठीत नेहमी एकवचनी वापरतो. अमक्याची स्मरणशक्ती दांडगी, तमक्याची दुबळी, असे म्हणताना ती बुद्धीच्या घरातील एकच कोठी आहे, कोणाची मोठी तर कोणाची लहान एवढाच काय तो फरक, असे आपण गृहीत धरून चालतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांची समजूतही याहून फारशी निराळी नव्हती. तत्त्वचिंतकांनी भेद सुचविले होते, नाही असे नाही. क्षणभर मनात रेंगाळणारी स्मृती वेगळी आणि मागाहून आठवून काढावी लागणारी वेगळी, असे विल्यम जेम्स याने १८९० साली लिहून ठेवले होते. एखादी गोष्ट ठाऊक असणे आणि ती कशी करावी हे ठाऊक असणे यांत अंतर आहे, हे गिल्बर्ट राइल याने १९४९ साली मांडले. परंतु हे सारे विचाराने पाडलेले भेद होते. मेंदूत त्यांना काही आधार आहे काय, हे कोणालाच सांगता येत नव्हते. कार्ल लॅशली या अमेरिकन संशोधकाने उंदरांच्या मेंदूचे निरनिराळे भाग कापून स्मृतीचे ठिकाण शोधण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालविली आणि १९५० साली, असे एक ठिकाण काही आपल्याला सापडले नाही, अशी प्रांजळ कबुली दिली.

त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी या प्रश्नाला उत्तर मिळण्याची सुरुवात झाली. पण ज्याच्यामुळे ते मिळाले, त्याला त्याची जबर किंमत मोजावी लागली.

हेन्री मोलेसन हा अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९२६ साली जन्मलेला एक साधा, गरीब स्वभावाचा मुलगा. वयाच्या दहाव्या वर्षापासून त्याला अपस्माराचे बारीकसारीक झटके येऊ लागले, आणि पुढे ऐन तारुण्यात ते इतके वाढले की कारखान्यातील काम करणे त्याला अशक्य झाले. औषधांची पराकाष्ठा झाली. शेवटी १९५३ साली, तो सत्तावीस वर्षांचा असताना, हार्टफर्ड येथील शस्त्रवैद्य डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतील अंगाचा काही भाग काढून टाकला. त्या भागातच हिप्पोकॅम्पस नावाचा अवयव असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला हे ग्रीक नाव दिले. तो नेमका कशासाठी असतो, हे त्या काळी कोणाला धड माहीत नव्हते. जे कशासाठी आहे ते ठाऊक नाही, ते दोन्ही बाजूंनी काढून टाकावे, हे धाडस आज वाचतानाही अंगावर काटा आणते.

झटके पुष्कळ कमी झाले. बुद्धीही शाबूत राहिली. बुद्धिमापनात तर तो सामान्यांपेक्षा किंचित वरच भरला. परंतु शस्त्रक्रियेनंतर जे जे घडले ते त्याच्या मनात टिकेनासे झाले. १९५५ च्या एप्रिलमध्ये त्याला तारीख विचारली, तेव्हा त्याने १९५३ चा मार्च महिना सांगितला आणि आपले वय सत्तावीस असल्याचे सांगितले. नुकतेच भेटून गेलेले माणूस दाराबाहेर जाऊन परत आले, की ते त्याला परके. लाडका मामा वारल्याचे त्याला सांगितले तेव्हा तो अतिशय कष्टी झाला. थोड्या वेळाने तो मामा भेटायला कधी येणार, असे त्याने विचारले. पुढे जेव्हा जेव्हा त्याला ती वार्ता सांगावी लागली, तेव्हा तेव्हा ती त्याच्या लेखी नवीच होती आणि दुःखही तितकेच ताजे होते.

मॉन्ट्रियल येथील ब्रेंडा मिल्नर या विदुषी त्याला तपासण्यासाठी वरचेवर येत. (योगायोग असा, की रोग्याचा जन्म अमेरिकेतील मँचेस्टरचा आणि बाईंचा इंग्लंडातील मँचेस्टरचा.) त्यांनी आणि स्कोव्हिल यांनी मिळून १९५७ साली जो लेख प्रसिद्ध केला, त्याने या विषयाचे सारे चित्रच पालटले. दोन्ही बाजूंचा हा भाग कोणीही काढू नये, असा इशारा स्वतः स्कोव्हिल यांनी दिला. हा त्यांचा प्रामाणिकपणा मानला पाहिजे. मोलेसनला मात्र त्याचा उपयोग नव्हता.

मिल्नर यांनी एकदा त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. पाव तासाने तो त्याला बरोबर सांगता आला, कारण तो सारा वेळ तो मनाशी हिशेब घोळवीत होता: तिन्ही अंकांची बेरीज सतरा, त्यातून आठ गेले की उरतात नऊ, नवाचे भाग पाच आणि चार. मिनिटभर त्याचे लक्ष दुसरीकडे वळले, आणि आकडाच काय, आकडा दिला होता हेही तो विसरला. म्हणजे जोवर लक्षाच्या मुठीत आहे तोवर टिकणारी तात्कालिक स्मृती त्याच्यापाशी निर्दोष होती. तुटला होता तो तेथून कायमच्या स्मृतीकडे जाणारा रस्ता.

याहून मोठे आश्चर्य पुढेच होते. आरशात पाहून, हाताकडे थेट न पाहता, कागदावरील चांदणीची रेघ गिरवायची, असा एक खेळ मिल्नर यांनी त्याला तीन दिवस दिला. आरशात सारे उलटे दिसत असल्यामुळे हात भलतीकडेच वळतो. कोणालाही हे प्रथम जमत नाही. मोलेसनच्या चुका मात्र दिवसेंदिवस कमी होत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याची रेघ सफाईने फिरू लागली. तरीही आपण हा खेळ पूर्वी कधी खेळलो आहोत, याची त्याला यत्किंचितही आठवण नव्हती. हात शिकला होता. त्याच्या धन्याला त्याची वार्ता नव्हती! सायकल चालविणे, पोहणे, विणणे ही कौशल्ये मेंदूत निराळ्या ठिकाणी साठविली जातात, याचा इतका स्वच्छ पुरावा पूर्वी कोणी पाहिला नव्हता.

यानंतर भेदांना बळकट पाया मिळाला. एंडेल टुल्विंग यांनी १९७२ साली घटनांची स्मृती आणि ज्ञानाची स्मृती असा आणखी एक भेद केला. सात पंचे पस्तीस हे प्रत्येकाला ठाऊक असते. पण ते कोणत्या दिवशी, कोणत्या बाकावर बसून पाठ केले, हे क्वचितच कोणाला सांगता येईल. पाढा उरतो, दिवस जातो. मोलेसनलाही बालपणाबद्दलची माहिती पुष्कळ होती. मात्र पुढे बारकाईने चौकशी केली तेव्हा, लहानपणी विमानातून मारलेल्या फेरीसारखे एखाददुसरे अपवाद वगळता, घडला तसा जिवंत प्रसंग त्याला क्वचितच सांगता आला.

या खुणा पेशींत कशा उमटतात, हा शोधही याच सुमारास लागू लागला. १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमधील मज्जातंतूंना भराभर विद्युत्‌-झटके दिले, तेव्हा त्यांच्यामधील सांधे कित्येक तास अधिक प्रभावी राहिले. समुद्री गोगलगाईवर काम करणाऱ्या एरिक कँडेल यांना याच प्रकारच्या संशोधनाबद्दल २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मोलेसन पुढे पंचावन्न वर्षे जगला. शब्दकोडी सोडवावी, भेटेल त्याच्याशी सौजन्याने बोलावे, आणि संशोधक सांगतील ती परीक्षा पुनःपुन्हा द्यावी, हा त्याचा क्रम. पहिली परीक्षा विसरणारा परीक्षार्थी कंटाळत नाही, ही संशोधकांची मोठीच सोय होती, आणि नेमके तेच या प्रकरणात मनाला टोचते. संमती द्यावी आणि क्षणात ती दिल्याचेही विसरावे, अशा माणसाची संमती ती कसली? हा प्रश्न उशिरा का होईना, जाहीरपणे विचारला गेला. तो जिवंत असेतो शास्त्रीय लेखांत केवळ ‘एच. एम.’ या दोन अक्षरांनीच ओळखला जाई. २ डिसेंबर २००८ रोजी तो वारला, तेव्हा जगाला त्याचे नाव कळले. वर्षभराने कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे त्याचा गोठविलेला मेंदू सलग त्रेपन्न तासांत २,४०१ पातळ कापांत कापण्यात आला. हिप्पोकॅम्पसचा मागचा बराच भाग शिल्लक होता, असे दिसले. स्कोव्हिल यांनी अंदाज केला होता त्यापेक्षा प्रत्यक्षात कमीच कापले गेले होते.