जवाहरलाल नेहरू विद्यापीठ विद्यार्थी संघ

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील (स्थापना १९६९) विद्यार्थ्यांची निवडून आलेली प्रातिनिधिक संघटना. 'जेएनयूएसयू' या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. प्रवेश, वसतिगृह, शुल्क हे तिचे रोजचे विषय. नाव झाले ते मात्र दोन गोष्टींमुळे : आवाराबाहेरच्या राजकारणात घेतलेल्या भूमिका आणि स्वतःची निवडणूक स्वतःच चालवण्याची रीत.

रचना : संघाची घटना १९७० च्या दशकाच्या आरंभी विद्यार्थ्यांनीच लिहिली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस व सहसचिव ही चार पदे सर्व विद्यार्थ्यांच्या थेट मतदानाने भरतात. अभ्यासशाखांचे प्रतिनिधी, म्हणजे कौन्सिलर, वेगळे निवडले जातात. मोठ्या प्रश्नावर विद्यापीठभराची आमसभा भरते आणि तिथे पदाधिकाऱ्यांना जाब विचारता येतो.

निवडणूक : निवडणूक आयोगही विद्यार्थ्यांचाच असतो. मतदानाआधीच्या एका रात्री अध्यक्षपदाचे उमेदवार एकाच मंचावर येतात. आधी भाषणे, मग एकमेकांना प्रश्न, शेवटी श्रोत्यांचे प्रश्न. डफल्या आणि घोषणांच्या गजरात हा कार्यक्रम मध्यरात्र उलटेपर्यंत चालतो. वसतिगृहांच्या मेसमध्ये पत्रके वाटली जातात आणि भिंतींवर हाताने रंगवलेली पोस्टरे लागतात. विद्यार्थी संघांच्या निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ साली संशोधक उमेदवारांना २८ वर्षांची वयोमर्यादा आणि दर उमेदवारास ५,००० रुपयांची खर्चमर्यादा सुचवली. या शिफारशींशी संघाची घटना जुळत नाही, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये येथील निवडणुकांना स्थगिती दिली. त्या पुन्हा झाल्या त्या २०१२ मध्ये.

आणीबाणी : २५ सप्टेंबर १९७५ रोजी आवारात संप चालू होता. एका निर्वाचित विद्यार्थिनी प्रतिनिधीला विद्यापीठातून काढून टाकल्याचा तो निषेध होता. त्या सकाळी साध्या वेशातील पोलीस मोटारीतून आले आणि अध्यक्ष देवीप्रसाद त्रिपाठी समजून प्रबीर पुरकायस्थ या दुसऱ्याच विद्यार्थ्याला उचलून घेऊन गेले. पुरकायस्थांचे त्यानंतरचे सुमारे वर्ष विनाखटला स्थानबद्धतेच्या 'मिसा' कायद्याखाली तुरुंगात गेले. त्रिपाठींनाही पुढे अटक झालीच. हेच त्रिपाठी २०१२ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले.

आणीबाणी उठल्यावर, सप्टेंबर १९७७ मध्ये, विद्यार्थ्यांचा मोर्चा इंदिरा गांधींच्या निवासस्थानी गेला. पंतप्रधानपद गेले असले तरी त्या अजून विद्यापीठाच्या कुलपती होत्या. अध्यक्ष सीताराम येचुरी यांनी राजीनाम्याची मागणी करणारे निवेदन त्यांच्या समोरच वाचून दाखवले. त्या शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. थोड्याच दिवसांत त्यांनी कुलपतिपद सोडले. या प्रसंगाचे छायाचित्र आजही आणीबाणीतले म्हणून चुकीच्या मथळ्याने फिरते.

हक्कांचे लढे : मागास जिल्ह्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेशात मिळणाऱ्या वाढीव गुणांचा आग्रह संघाने पिढ्यान्‌पिढ्या धरला. १९८३ च्या आंदोलनात पोलीस आवारात शिरले, शेकडो विद्यार्थ्यांची रवानगी तिहार तुरुंगात झाली आणि विद्यापीठ बंद ठेवण्यात आले. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी त्या कैद्यांपैकी एक. त्यांनी तिथे दहा दिवस काढले. या आंदोलनानंतर वाढीव गुणांची पद्धत रद्द झाली. ती परत आली १९९० च्या दशकात.

२०१९ मध्ये वसतिगृहातील एकट्याच्या खोलीचे मासिक भाडे २० रुपयांवरून ६०० आणि दोघांच्या खोलीचे १० वरून ३०० करण्याचे ठरले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. संघाचे पदाधिकारी दिल्ली उच्च न्यायालयातही गेले. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने नोंदणी बाकी असलेल्या विद्यार्थ्यांना तूर्त जुन्या दराने नोंदणी करू देण्याचा आदेश दिला.

बांधिलकी आणि तिची किंमत : दोनदा अध्यक्ष राहिलेले चंद्रशेखर प्रसाद शिक्षण संपवून बिहारमधील सिवानला, आपल्या गावाकडे, राजकीय कामासाठी परतले. ३१ मार्च १९९७ रोजी भरचौकात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये अध्यक्ष कन्हैया कुमार यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. ५ जानेवारी २०२० रोजी तोंड झाकलेल्या जमावाने आवारात हल्ला केला, त्यात अध्यक्षा आयशी घोष यांचे डोके फुटले.

कोविडकाळापासून थांबलेली निवडणूक मार्च २०२४ मध्ये झाली आणि धनंजय हे अध्यक्ष झाले. बत्तीलाल बैरवा यांच्यानंतर सुमारे तीन दशकांनी दलित विद्यार्थी या पदावर बसला.