पैठणच्या भट्ट घराण्याचें काशीगमन

राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. राजधानी मान्यखेटास गेली, तरी लातूरचें नांव बिरुदांतून सुटलें नाहीं; पुढें सौंदत्तीच्या रट्टांनींही तेंच मिरविलें. गांव सोडलेलें घराणें गांवाची आठवण कशी बाळगतें, हें आम्हां कंधार-लातूरकडील लोकांस या लेखांवरून ठाऊक आहे. पंडितांच्या घरीं शिला नव्हत्या, पोथ्या होत्या. अशाच एका पोथीवरून एका मराठी कुटुंबाच्या देशांतराची हकीकत येथें देत आहों.

ही पोथी म्हणजे शंकरभट्टकृत ‘गाधिवंशानुचरित’. गाधि हा विश्वामित्राचा पिता, आणि घराणें विश्वामित्रगोत्री, म्हणून हें नांव. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं १९१२ सालीं ‘इंडियन अँटिक्वरी’ंत तिचा परिचय करून दिला. पांडुरंग वामन काणे यांनींही व्यवहारमयूखाच्या १९२६ च्या आवृत्तींत तिचा उपयोग केला. अमेरिकेंत १८४० नंतर ओरेगॉनच्या वाटेनें पश्चिमेकडे गेलेल्या कुटुंबांतील पुष्कळांनीं वाटेवरच रोजनिश्या लिहिल्या. आमच्याकडे लिहिलें तें प्रवास करणाऱ्यानें नव्हे, त्याच्या नातवानें. तेव्हां आजोबांच्या स्तुतीचे श्लोक वाचतांना हात राखावा. मार्गक्रम मात्र आम्हांस विश्वसनीय वाटतो, कारण तो शोभेसाठीं रचलेला दिसत नाहीं.

मूळपुरुष रामेश्वरभट्ट पैठणास शिष्य पढवीत. उतारवय होऊं लागलें तरी पुत्र नव्हता, म्हणून ते कोल्हापुरास महालक्ष्मीच्या आराधनेस गेले. तेथून विजयनगरास, तेथें तेव्हां कृष्णदेवरायाचें राज्य होतें. मग द्वारकेची वाट धरली, आणि वाटेंतच शके १४३५ च्या चैत्रांत, म्हणजे इ. स. १५१३ मध्यें, नारायणाचा जन्म झाला. द्वारकेस चार वर्षें राहून रामेश्वरभट्ट पैठणास परत आले, तेथें आणखी चार वर्षें काढलीं, आणि नंतर कुटुंबासह काशीस गेले ते कायमचे.

हें घराणें यवनांच्या भयानें पळालें असें सरसकट सांगण्यांत येतें. पळणारा मनुष्य द्वारकेहून पुन्हा पैठणास येऊन चार वर्षें कां राहील? पुत्राची आस, तीर्थाची ओढ आणि अध्यापनाचा व्यवसाय, या तीन गोष्टींनीं सबंध मार्ग उलगडतो. चौथें कारण शोधण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं.

काशींत नारायणभट्टांनीं पित्याची गादी चालविली. १५८५ च्या सुमारास विश्वेश्वराचें देऊळ पुन्हा उभें राहिलें, त्यांत त्यांचा पुढाकार होता. ‘त्रिस्थलीसेतु’ंत ते म्हणतात कीं, दुष्ट राजांमुळें त्या जागीं लिंग नसलें तरी यात्रेकरूनें त्या स्थानाचीच प्रदक्षिणा करावी. भय काय तें काशींत होतें, आणि हे लोक तेथें राहिले! नारायणाचा नातू कमलाकर यानें १६१२ त ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. दुसरा नातू नीलकंठ याचा ‘व्यवहारमयूख’ इंग्रजी अमदानींत मुंबई व गुजराथेंतील वारसाहक्काच्या दाव्यांत प्रमाण मानीत. कमलाकराचा ज्येष्ठ बंधु दिनकर, त्याचा पुत्र विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट. म्हणजे १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेकास जो आला, तो रामेश्वरभट्टांचा खापरपणतू होय.

आम्हांस याहून जवळचें घराणें शेषांचें. काशीचे हे वैयाकरण मूळचे गोदातीरींच्या नांदेडचे, अशी परंपरा आहे. शेषकृष्णाचा ‘प्रक्रियाप्रकाश’ प्रसिद्ध आहे. त्याचाच शिष्य भट्टोजि दीक्षित यानें ‘प्रौढमनोरमें’त गुरूचें खंडन केलें, तेव्हां शेषकुलाचा कैवार घेऊन जगन्नाथ पंडितानें ‘मनोरमाकुचमर्दन’ लिहिलें. या वादाचा गवगवा पुष्कळ झाला, परंतु ज्या गांवाहून हें कुल गेलें तेथील कागद कोणीं चाळले नाहींत.

यास्तव नांदेड, कंधार व पैठण येथील ज्या गृहस्थांच्या संग्रहीं व्याकरणाच्या किंवा धर्मशास्त्राच्या जुन्या पोथ्या असतील, त्यांनीं शेवटचें पान प्रथम पाहावें. तेथील वंशश्लोक, लेखकाचें नांव, शक व गांव यांची नक्कल जशीच्या तशी, अशुद्धें न सुधारतां, मंडळाकडे धाडावी. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील काशीयात्रेच्या नोंदीही सोबत असाव्या. पोथी स्वतः पाठविण्याचें कारण नाहीं.