ड्युरा मेटर

ड्युरा मेटर ही मेंदू व मज्जारज्जू यांना वेढणाऱ्या तीन आवरणांपैकी सर्वांत बाहेरच्या, जाड व चिवट आवरणाची लॅटिन संज्ञा आहे. तिचा शब्दशः अर्थ ‘कठीण आई’ असा होतो. या आवरणाच्या आत अनुक्रमे अरॅक्नॉइड मेटर व पिया मेटर ही आवरणे असतात.

लेखन व उच्चार

मराठी लेखनात ‘ड्युरा मॅटर’ असे रूप पुष्कळदा आढळते. ते चुकीचे आहे. ‘ग्रे मॅटर’ व ‘व्हाइट मॅटर’ या मेंदूविषयक इंग्रजी संज्ञांच्या साधर्म्यामुळे ही चूक होते. त्या संज्ञांमधील ‘मॅटर’ म्हणजे द्रव्य. रोमन लिपीत त्यात दोन ‘टी’ येतात. ‘मेटर’ म्हणजे आई. त्यात एकच ‘टी’ असतो. हा भेद केवळ शुद्धलेखनाचा नाही. करडे व श्वेत द्रव्य हे प्रत्यक्ष मेंदूच्या ऊतीचे भाग आहेत, तर ड्युरा मेटर हे त्या ऊतीबाहेरचे आवरण आहे. ‘मॅटर’ असे लिहिल्यास आवरणालाच द्रव्य समजण्याचा घोटाळा होतो.

‘मेटर’ हा इंग्रजी वळणाचा उच्चार आहे. अभिजात लॅटिन उच्चार ‘दूरा मातेर’ असा होता. ‘मातेर’ आणि संस्कृत ‘मातृ’ हे शब्द एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेले आहेत. ‘मातेर’ स्त्रीलिंगी असल्याने ‘कठीण’ या अर्थाच्या विशेषणाचे ‘दूरुस’ हे पुल्लिंगी रूप न येता ‘दूरा’ हे स्त्रीलिंगी रूप येते.

व्युत्पत्ती

ग्रीक वैद्य गालेन (२ रे शतक) याच्या लेखनात या आवरणांसाठी ‘मेनिंक्स’, म्हणजे पातळ पडदा, हा शब्द येतो. बाहेरच्या आवरणाला तो जाड व आतल्या आवरणाला पातळ असे विशेषण लावतो. त्यात आईचा उल्लेख नाही. तो अरबी वैद्यकातून आला. अरबी भाषेत वस्तूंमधील संबंध दाखवण्यासाठी आई, बाप, मुलगा असे नातेवाचक शब्द योजण्याची रीत आहे. मक्केला ‘उम्मुल कुरा’, म्हणजे नगरांची आई, म्हणतात. त्याच रीतीने मेंदूला वेढून जपणाऱ्या आवरणाला ‘उम्म’, म्हणजे आई, म्हटले गेले. मायभूमी, मायबोली हे शब्द वापरणाऱ्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये.

१० व्या शतकातील इराणी वैद्य अली इब्न अल-अब्बास अल-मजूसी याच्या ‘किताब अल-मलिकी’ या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर स्टीफन ऑफ अँटिऑक याने ११२७ च्या सुमारास केले. ‘ड्युरा मेटर’ व ‘पिया मेटर’ या संज्ञांचे श्रेय सामान्यतः या भाषांतराला दिले जाते. अरबी संज्ञेचे हे शब्दशः भाषांतर होते.

आतल्या आवरणाच्या बाबतीत मात्र अर्थ सरकला. अरबी ‘रकीक’ या शब्दाचे पातळ व कोमल असे दोन्ही अर्थ होतात. लॅटिन ‘पिया’ या विशेषणात धर्मनिष्ठा, कर्तव्यनिष्ठा व ममता या छटा आहेत, पातळपणाची नाही. त्यामुळे ‘पातळ आई’ची ‘ममताळू आई’ झाली.

आजचा वापर

शरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय संज्ञासूचीत (१९९८) ‘ड्युरा मेटर’ ही संज्ञा कायम आहे. वैद्यकीय व्यवहारात पुष्कळदा नुसते ‘ड्युरा’ म्हटले जाते. ड्युराखालील रक्तस्राव तो ‘सबड्युरल’ आणि ड्युराबाहेरील जागेत औषध देऊन केलेली बधिरता ती ‘एपिड्युरल’. या शब्दांत ‘आई’ गळून केवळ ‘कठीण’ हे विशेषण उरले आहे. भारतीय भाषांतील पारिभाषिक लेखनात आढळणारी ‘दृढतानिका’ ही संस्कृतजन्य संज्ञाही नाते न सांगता गुण सांगते. त्या दृष्टीने ती अरबी कल्पनेपेक्षा गालेनच्या वर्णनाला जवळची आहे.