ऑक्टेनचा आकडा आणि घाटातली गाडी



गेल्या खेपेला व्याख्यान आटोपल्यावर एक तरुण गाडीवाला आमच्याजवळ थांबला. पेट्रोलवर चालणारा छोटा पिकअप, चिखली–बुलढाणा–मलकापूर असा भाजीपाल्याचा फेरा, आणि गाडीवर बँकेचा हप्ता. त्यानं विचारलं, ‘सर, साधं पेट्रोल टाकू का ते महागडं, पंच्याण्णववालं? पोरं म्हणतात, त्यानं गाडी घाटात चांगली ओढते.’ तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराला हे विचारणं म्हणजे सोनाराला नांगराचा फाळ दाखवण्यासारखं. पण आम्ही त्या प्रश्नापायी महिनाभर वाचत बसलो. कारण त्यात आमच्या विषयातला एक जुना पेच आहे. एखादा आकडा वस्तूचा गुण सांगतो, की दोन वस्तूंमधलं नातं सांगतो?

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना उठता येईल. गाडीच्या पुस्तकात जो आकडा छापलेला आहे, तेवढ्या ऑक्टेनचं पेट्रोल टाकावं. त्याहून जास्तीचं टाकून साध्या इंजिनाची ताकद वाढत नाही. आणि गाडी डिझेलची असेल, जशी आपल्या जिल्ह्यातले बरेचसे पिकअप आहेत, तर ऑक्टेनचा प्रश्नच उद्भवत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तिथं इंधनानं दाबाखाली आपणहून पेटावं हीच अपेक्षा, आणि त्याचं माप वेगळं, सीटेन. पेट्रोलची अपेक्षा नेमकी उलटी. त्यानं ठिणगी पडेपर्यंत दम धरावा.

हा दम धरणं म्हणजेच ऑक्टेन. ती ताकद नव्हे, सोशिकपणा आहे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते, ठिणगी पडते, ज्योत एका बाजूनं शिस्तीत पुढं सरकते. पण दाब आणि उष्णता फार झाली, की लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्योत पोचायच्या आतच एकदम भडकतं. मग इंजिनातून टक-टक असा आवाज येतो, त्याला आपले मिस्त्री ‘नॉकिंग’ म्हणतात. मे महिन्यातली दुपार, मोताळ्याकडून राजूर घाट चढायचा, मागं कांद्याची पोती, आणि ड्रायव्हर गिअर न बदलता चौथ्यावरच ॲक्सिलेटर दाबून बसलेला. नॉकिंग व्हायला याहून चांगला मुहूर्त नाही.

आता इतिहासाकडे वळू. या ठोक्याचा शोध मोठ्या शहरातल्या मोटारीमुळे सुरू झाला असं वाटेल, पण त्यात खेड्यातल्या दिव्याचा हात आहे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांची माणसं शेतकऱ्यांच्या घरासाठी वीज तयार करणारे छोटे संच बनवत होती. ते संच रॉकेलवर चालायचे आणि रॉकेलवर इंजिन फार ठोकायचं. केटरिंग यांच्या हाताखालचा तरुण इंजिनिअर थॉमस मिजली या मागं लागला. त्याचा पहिला अंदाज मजेशीर होता. इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषेल, वाफ लवकर होईल आणि ठोका थांबेल. १९१६ साली तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून त्यानं आयोडीन टाकलं. आणि ठोका कमी झाला! पुढं खरेखुरे लाल रंग टाकून बघितले तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे तर्क चुकीचा, निष्कर्ष उपयोगी. तर्कशास्त्र शिकवताना हे उदाहरण आम्हाला ठाऊक असतं तर वर्गातली पोरं इतकी पेंगली नसती.

आयोडीन महाग, वर इंजिन गंजवणारं. मग एकेक पदार्थ टाकून बघणं सुरू झालं. टेल्युरियमच्या संयुगांचा लसणासारखा वास कपड्यांतून जाता जाईना. शेवटी ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग सापडलं. हजार भाग पेट्रोलला जेमतेम एक भाग पुरे, आणि ठोका बंद. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन गावच्या पंपावर ते पहिल्यांदा विकलं गेलं.

विकताना नाव काय दिलं? ‘एथिल’. शिसं हा शब्दच नावातून गळाला. शिसं विषारी आहे हे काही तेव्हा गुपित नव्हतं, रोमन काळापासून लोक ते जाणून होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. १९२५ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी तिथं धोक्याचा इशारा दिला. पण पुढच्या वर्षी समितीनं बंदी घालण्याइतकं कारण दिसत नाही म्हटलं आणि धंदा सुरू राहिला. आम्हाला इथं एक गोष्ट खटकते. अल्कोहोल, म्हणजे आजचं इथेनॉल, हेही ठोका थोपवतं हे मिजलीला चांगलं माहीत होतं. १९२० साली त्यानं तशा मिश्रणावर पेटंटही मागितलं होतं. पण अल्कोहोल कोणीही शेतकरी गाळू शकतो, शिशाच्या संयुगाची किल्ली मात्र एका कंपनीच्या हाती राहते. निवड केवळ रसायनशास्त्रानं केली नाही, एवढंच म्हणतो.

यानंतर आकडा आला. १९२६ साली ग्रॅहम एडगर यांनी दोन शुद्ध द्रव निवडले. आयसोऑक्टेन मुळीच न ठोकणारं, त्याला १००. नॉर्मल हेप्टेन लगेच ठोकणारं, त्याला ०. हे हेप्टेन सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या एका जातीच्या पाइन झाडाच्या डिंकातून मिळायचं. ९१ ऑक्टेन म्हणजे काय, तर ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांचं मिश्रण प्रयोगाच्या इंजिनात जितपत तग धरतं, तितपत हे पेट्रोल धरतं. पेट्रोलमध्ये ९१ टक्के कशाचंही असतं असं नव्हे. केवळ तुलना आहे, बरं का. म्हणूनच आम्ही म्हणालो की हा आकडा नात्याचा आहे.

त्यातही इंजिन कसं चालवलं यावर आकडा बदलतो. एका पद्धतीत इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी, सौम्य परिस्थितीत चालवतात. दुसरीत ९०० फेरे आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेलं. दुसरीचा आकडा कमी येतो. भारतात पंपावर पहिला आकडा चालतो, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. ज्यांची मुलं टेक्सासात मोठाले पिकअप चालवतात आणि फोनवर सांगतात की ‘बाबा, इथं ८७ टाकतो’, त्यांनी अमेरिकेत हलकं पेट्रोल मिळतं अशी समजूत करून घेऊ नये. तिथलं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१.

आपल्याकडे पेट्रोलवरची कष्टाची गाडी आणली जीपनं. महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली कंपनी काढली आणि १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या. त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन साडेसहाच्या आसपास, म्हणजे आतली हवा साडेसहा पट दाबली जाणार, बस्स. असल्या इंजिनाला हलकं पेट्रोलही गोड लागायचं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तेव्हा खेड्यापाड्यात सरकार दिसायचं ते जीपच्या रूपानं. मागं ट्रेलर जोडला की तोच आपला पिकअप. ठोकू लागली तर मिस्त्री डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग मागं घ्यायचा, ताकद थोडी जायची, आवाज थांबायचा. ऑक्टेन हा शब्द कुणी उच्चारतही नसे. पंपावर दोन प्रकार असायचे, ८७ आणि ९३, आणि ९३ हे साहेबाच्या गाडीचं मानलं जायचं. जास्तीचा आकडा म्हणजे प्रतिष्ठा, ही समजूत तिथूनच मुरत आली असावी, असा आमचा अंदाज.

पुढं मालवाहू गाड्या डिझेलवर गेल्या, त्याचं कारण भाव. २००५ साली टाटाचा ‘छोटा हत्ती’ आला, तोही दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर. पण जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले, दोहोंतली दरी आटली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि छोटं डिझेल इंजिन स्वच्छ ठेवणं खर्चिक झालं. म्हणून लहान पिकअप पुन्हा पेट्रोल आणि सीएनजीकडे वळले, आणि जो प्रश्न जीपच्या ड्रायव्हरला कधी पडला नाही तो आज आमच्या गाडीवाल्याला पडला.

दरम्यान शिसं गेलं. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तो २०२१ साली थांबला. म्हणजे शंभर वर्षं मुलांच्या रक्तात शिसं उतरत राहिलं, आणि कशासाठी, तर ठोक्याचा आवाज स्वस्तात बंद करण्यासाठी. शिसं काढल्यावर ऑक्टेन राखायला रिफायनरींना नवी यंत्रं बसवावी लागली. तरी आकडा घसरला नाही, उलट चढला. २००० च्या सुमारास ८८, बीएस-३ पासून ९१.

हा आकडा रिफायनरीत खरा असतो. वाटेत काय होतं ते वेगळं. आपल्या भागात टँकर बहुधा अकोल्याजवळच्या गायगाव डेपोतून येतात, तिकडे नाशिककडे मनमाडजवळच्या पानेवाडीहून. रॉकेलचं ऑक्टेन पेट्रोलच्या तुलनेत फारच कमी. रेशनचं निळं रॉकेल स्वस्त होतं तोवर ते पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळणं हा मोठा चोरधंदा होता. केटरिंगच्या माणसांना ज्या रॉकेलनं छळलं, तेच इकडे पेट्रोलमध्ये लपून यायचं. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ ही चोरी चालू असलेली पाहिली आणि अडवली. त्यांना तिथंच जिवंत जाळण्यात आलं. पंपावरच्या आकड्यामागं कोण उभं असतं हे सांगताना हे नाव आम्ही वगळू शकत नाही. ग्राहकाला पंपावर घनता विचारता येते, फिल्टर पेपरची चाचणी मागता येते, पाच लिटरच्या मापानं मोजून घेता येतं. जरूर मागावं. पण ऑक्टेन मोजायला ते प्रयोगाचं इंजिनच लागतं. तिथं आपल्याला भरवशावरच राहावं लागतं.

आता महागड्या पेट्रोलचा हिशेब. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलनं १०० ऑक्टेनचं पेट्रोल काढलं, पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती, भाव लिटरला १६० रुपयांच्या घरात. ते भारी स्पोर्ट्‌स मोटारी आणि मोटरसायकलींसाठी. काही इंजिनांना नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो आणि ती जास्त ऑक्टेन मिळालं की टायमिंग पुढं नेऊन थोडी ताकद काढतात, हे खरं. पण इंजिन जर ९१ वर समाधानी राहील असंच घडवलेलं असेल, तर वरच्या ऑक्टेनला तिथं काही कामच नसतं. महागड्या पेट्रोलमध्ये इंजिन आतून स्वच्छ ठेवणारी रसायनंही असतात. त्यांचा थोडा उपयोग असेल, पण तो मुद्दा ऑक्टेनचा नव्हे. समजा रोज ६ लिटर लागतात, लिटरमागं ८ रुपये जास्त, महिन्याचे २५ दिवस. झाले १,२०० रुपये. वर्षाला १४,४००. त्यात दोन टायर येतात, राजेहो.

आणि गंमत बघा, इतिहासानं हा प्रश्नच अर्धा निकाली काढला आहे. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल अधिकृतपणे सुरू झालं, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास. त्यामुळे या मिश्रणाच्या भारतीय मानकात किमान ऑक्टेनच ९५ धरलेलं आहे. म्हणजे ज्या पंच्याण्णवसाठी आमचा गाडीवाला जास्तीचे पैसे द्यायला निघाला होता, तो आकडा आता साध्या नळीतूनच येतो. मिजलीनं बाजूला ठेवलेलं अल्कोहोल शंभर वर्षांनी ऊस आणि मक्याच्या वाटेनं परत आलं.

पण इथंच आकड्याचा मोह ओळखावा लागतो. ऑक्टेन वाढलं, ऊर्जा मात्र घटली. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलपेक्षा लिटरमागं जवळपास सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी उतरेल असं म्हटलं होतं. वीस टक्क्यांसाठीच जुळवलेल्या नव्या इंजिनात घट एक-दोन टक्के. मक्याच्या शेतकऱ्याचा यात फायदा आहे, आपल्याही जिल्ह्यात मका होतो, ते आम्हाला मान्य. पण त्याच गावचा पिकअपवाला ही घट रोज आपल्या खिशातून भरतो, आणि पंपावरच्या फलकावर ऊर्जेचा आकडा कुठंच लिहिलेला नसतो. तो लिहायला हवा असं आमचं मत आहे.

गाडी २०२३ च्या आधीची असेल तर आधी तिच्या पुस्तकात इथेनॉलची किती टक्केवारी चालते ते पाहावं. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉलनं लवकर खराब होतात, आणि इथेनॉल पाणी ओढतं. त्यामुळे पावसाळ्याआधी मिस्त्रीकडून पेट्रोलच्या नळ्या आणि फिल्टर तपासून घ्यावेत, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नये. राहिला घाट. तिथं चौथ्यावर दाबून बसण्यापेक्षा वेळेवर दुसऱ्यावर यावं, ठोका आपोआप थांबतो, आणि त्याला लिटरमागं एक पैसाही जास्तीचा लागत नाही.