ठिगळाखालचा तडा

१/ १९ डिसेंबर २००५. मायामीहून बिमिनी बेटाकडे निघालेल्या ‘ग्रुमन मॅलार्ड’ या जलविमानाचा उजवा पंख उड्डाणानंतर लगेचच निखळला आणि विमानातील २० जण मृत्युमुखी पडले. चॉक्स ओशन एअरवेजच्या या विमानाची बांधणी १९४७ सालची होती.

२/ धातूलाही थकवा येतो. प्रत्येक उड्डाणात पंखावर ताण येतो, उतरल्यावर तो ओसरतो. अशी हजारो आवर्तने झाली की रिव्हेटच्या भोकापाशी केसासारखी भेग उमटते आणि हळूहळू वाढत जाते.

३/ मॅलार्डच्या पंखातील पोकळी हीच इंधनाची टाकी. त्यामुळे उजव्या पंखातून वारंवार होणारी इंधनगळती ही सांगाड्याला तडा गेल्याची खूण होती. उपचार मात्र गळतीवर झाला. बाहेरून ठिगळ लागले, सीलंट भरले गेले. आतला तडा वाढतच राहिला.

४/ अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००७ मध्ये दोघांवर ठपका ठेवला: तडे ओळखून ते नीट दुरुस्त न करणाऱ्या कंपनीवर, आणि देखभालीतील हे दोष वेळीच न हेरणाऱ्या विमान वाहतूक प्रशासनावर.

५/ विमान जुने होते, एवढ्यानेच ते पडले नाही. गळती पुन्हा सुरू झाली, तेव्हाच पहिली दुरुस्ती फसल्याचे उघड झाले होते. त्या वेळी सीलंट खरवडून, टाकी उघडून, तड्याचे टोक शोधायला हवे होते. जुन्या यंत्राची निगा राखताना लक्षण बुजवणे ही दुरुस्ती नव्हे. कारणापर्यंत पोहोचणे ही दुरुस्ती.