बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे : पंडिता रमाबाईंना विसावा केव्हा लाभला?

१/ पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या धर्मांतराची हीच तारीख आढळते. परंतु १९०७ सालच्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात की, अंतःकरणाला विसावा मिळाला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. या धाग्यात त्या आठ वर्षांविषयी.

२/ प्रथम पूर्वपीठिका. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत पायी हिंडले. व्रते, उपवास, दानधर्म यांत काहीच उणे नव्हते. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. धर्म म्हणजे अखंड श्रम, हा रमाबाईंचा बालपणीचा अनुभव होता.

३/ १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तेथे बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धी गहाण ठेवली नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात चर्चच्या अधिकाराविषयी आणि त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांनी रोखठोक वाद घातला.

४/ पुढे अमेरिकेत व्याख्याने, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलले. निधी, इमारत, विद्यार्थिनी आणि वृत्तपत्रांतील टीका या सर्वांचा भार एकाच बाईवर होता.

५/ पुण्यातील इमारतीचे काम चालू असताना विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. अनेक वर्षे पौरोहित्य केल्यानंतर, १८५१ मध्ये स्वतःच प्रवचन देत असता हॅस्लम यांना अंतरीचा पालट अनुभवास आला होता. जो आधीच ख्रिस्ती, त्याचे पुन्हा परिवर्तन ते कसले? या प्रश्नाने रमाबाई विचारात पडल्या.

६/ त्यांचे उत्तर असे होते : आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला गवसला नव्हता. पापक्षमा कमवायची नसते, ती दान म्हणून घ्यायची असते. तीर्थयात्रांपासून वाँटेजच्या उपासनेपर्यंत चाललेली पुण्याची धडपड त्यांच्या लेखी येथे थांबली.

७/ येथे सावधगिरी हवी. हे निवेदन घटनेनंतर सुमारे पंधरा वर्षांनी लिहिलेले आहे. उतारवयात माणूस आपल्या आयुष्याला क्रम लावतो. शिवाय त्या काळच्या इव्हँजेलिकल लेखनात अशा कथनाचा साचा रूढ होता. म्हणून ते खोटे ठरत नाही. मात्र पत्रे आणि पुढील कृती यांच्याशी ताडून पाहावे लागते.

८/ कृती काय सांगते? काम कमी झाले नाही. १८९३ मध्ये मुलींच्या प्रार्थनेतील उपस्थितीवरून वादळ उठले. सदनात धार्मिक तटस्थतेचे आश्वासन होते, त्यामुळे आक्षेपाला आधारही होता. रानडे, भांडारकर यांसारखे सल्लागार दूर झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी रमाबाईंनी सदन बंद केले नाही.

९/ १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली व विधवा सोडवून आणल्या. त्यांच्यासाठी केडगाव येथे वस्ती उभी राहिली. तिचे नाव ‘मुक्ती’. लवकरच तेथील संख्या हजारावर गेली. शेती, विणकाम, स्वयंपाक, शाळा, छापखाना आणि दिवसाच्या क्रमात ठरलेली प्रार्थनेची वेळ.

१०/ त्याच धबडग्यात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. संस्कृत पंडितेने भाषा मुद्दाम सोपी निवडली, कारण वाचक म्हणून खेड्यातली अल्पशिक्षित बाई डोळ्यांसमोर होती. मुक्तीतल्याच स्त्रियांनी खिळे जुळवले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

११/ म्हणून रमाबाईंच्या बाबतीत ‘विसावा’ या शब्दाचा अर्थ निवृत्ती असा लावता येत नाही. १८९१ पूर्वीही त्या राबत होत्या, नंतर अधिकच राबल्या. बदलले ते श्रमाचे कारण. पूर्वी श्रम तारून नेण्यासाठी होते. नंतर, त्यांच्या श्रद्धेनुसार, तरल्याच्या कृतज्ञतेने होते. हा भेद बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडत नाही. त्यासाठी पुढची तीस वर्षे वाचावी लागतात.